शाळेच्या धोकादायक वर्गखोलीचा विषय ग्रामसभेत कसा मांडावा

जिल्हा परिषद शाळेची एखादी वर्गखोली गळत असेल किंवा तिच्या भिंतीला तडे गेले असतील, तर पालक बहुधा थेट ग्रामसभेत उभे राहून बोलतात. बोलणे सभागृहातच विरते, कारण विषयपत्रिकेवर विषय नसल्यामुळे तो फार तर 'ऐनवेळच्या विषयांत' जातो आणि तोवर अर्धी सभा उठलेली असते. म्हणून सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीपासून करणे अधिक हिताचे ठरते.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात, तर मुख्याध्यापक सदस्य सचिव म्हणून काम पाहतात. पालक म्हणून येथे बोलण्यासाठी गावच्या मतदार यादीत नाव असण्याची गरज नाही, मूल त्या शाळेच्या पटावर असले की पुरते. ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. समितीने खोलीच्या स्थितीबाबत ठराव करून त्याची प्रत द्यावी, अशी लेखी मागणी मुख्याध्यापकांकडे करावी.

ग्रामसभेचा सदस्य मात्र गावच्या मतदार यादीत नाव असलेली व्यक्तीच असते, त्यामुळे पुढील अर्ज अशा व्यक्तीच्या सहीने करावा. तो सरपंचांच्या नावे लिहून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) दोन प्रतींत द्यावा आणि एका प्रतीवर तारीख, सही व शिक्क्यासह पोच घ्यावी. सोबत समितीच्या ठरावाची प्रत, खोलीची छायाचित्रे, तेथे बसणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या आणि यापूर्वी पत्रव्यवहार झाला असल्यास त्याच्या प्रती जोडाव्यात. सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणून अर्ज त्याच्याही बराच आधी पोहोचलेला हवा.

गणसंख्येचा, म्हणजे सभा चालण्यासाठी लागणाऱ्या किमान उपस्थितीचा नियम एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, असा आहे. 400 मतदारांच्या गावात 60 जण पुरतात आणि 1,800 मतदारांच्या गावात 100. तेवढे जमले नाहीत, तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते, पण तीत नवा विषय घेता येत नाही. मूळ नोटिशीत विषय असण्याचे महत्त्व खरे तर इथे कळते. ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेतही हाच विषय मांडावा, कारण शाळेचे हाल आयांइतके क्वचितच कोणाला ठाऊक असतात.

ठरावात मागणी नेमकी असावी. केवळ 'दुरुस्ती व्हावी' असे न लिहिता, अभियंत्यांकडून खोलीची पाहणी करावी, ती वापरास अयोग्य ठरल्यास तिचे निर्लेखन (नोंदीतून रीतसर कमी करणे) करून नवीन खोलीचा प्रस्ताव पाठवावा आणि तोपर्यंत मुलांची पर्यायी ठिकाणी बसण्याची सोय करावी, असे लिहावे. सूचक व अनुमोदकांची नावे इतिवृत्तात आली आहेत ना, हे सभा संपण्यापूर्वी वाचून पाहावे. हा ठराव पंचायत समितीतील गटविकास अधिकारी व गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे गेला पाहिजे. त्याचा जावक क्रमांक मागून घ्यावा.

ठरावाची प्रत देण्यास टाळाटाळ झाली, तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली 10 रुपये शुल्क भरून ती मागता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास हे शुल्क माफ आहे, मात्र त्याचा पुरावा जोडावा लागतो. 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर त्यापुढील 30 दिवसांत प्रथम अपील करावे.