पुस्तकालाही सहा, चित्रपटालाही सहा: ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टांची पार्श्वभूमी

टॉल्किनच्या कादंबरीच्या तिसऱ्या खंडाच्या शेवटी ए ते एफ अशी सहा परिशिष्टं आहेत: राजवंश, सनावळी, वंशावळी, लिपी, भाषा. पीटर जॅक्सनने त्यावर केलेल्या तिन्ही चित्रपटांच्या एक्स्टेंडेड (म्हणजे वाढीव प्रसंगांच्या) डीव्हीडी संचांतही पडद्यामागच्या डिस्क सहाच, आणि त्यांना नावही ‘अपेंडिसेस’ असंच दिलेलं.

चित्रपटासोबत असा जादा मजकूर देण्याच्या प्रकाराचं मूळ लेझरडिस्कमध्ये, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या तबकडीत आहे. 1984 साली क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने 1933 च्या ‘किंग काँग’ची लेझरडिस्क काढली. चित्रपट मोनो, म्हणजे आवाजाचा एकच ट्रॅक पुरणारा, आणि डिस्कवर आवाजाचे ट्रॅक दोन. रिकाम्या राहिलेल्या ट्रॅकवर चित्रपट-अभ्यासक रोनाल्ड हेव्हर यांचं भाष्य टाकलं आणि ऑडिओ कॉमेंटरी जन्माला आली. योगायोग असा की लहानपणी टीव्हीवर हाच ‘किंग काँग’ पाहून जॅक्सनने सिनेमाच करायचं ठरवलं होतं. ‘द फ्रायटनर्स’ या आपल्या चित्रपटाच्या लेझरडिस्कसाठी तर त्याने चार तासांहून मोठा माहितीपट स्वतः बनवला. म्हणजे रिंग्जच्या आधीच त्याची रंगीत तालीम झालेली होती.

ऑक्टोबर 1999 ते डिसेंबर 2000 या काळात तिन्ही भागांचं मुख्य चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये सलग झालं, आणि पडद्यामागे कॅमेरे फिरत होते. पहिल्या भागाची साधी डीव्हीडी ऑगस्ट 2002 मध्ये आली आणि चार डिस्कचा हिरवा एक्स्टेंडेड संच नोव्हेंबरमध्ये. दुसऱ्याचा लाल, तिसऱ्याचा निळा. खोके जुन्या चामडी बांधणीच्या पुस्तकांसारखे, आत चित्रपटाचे संकल्पनाचित्रकार ॲलन ली आणि जॉन होव यांची रेखाटनं. प्रत्येक संचात चित्रपट दोन डिस्कवर विभागलेला. ड्युअल लेयर (दोन थरांच्या) डीव्हीडीत जेमतेम 8.5 जीबी मावतं, त्यामुळे साडेतीन ते चार तासांचं चित्र, डीटीएस पद्धतीचा सराउंड आवाज आणि चार-चार कॉमेंटरी एकाच डिस्कवर कोंबल्या असत्या तर चित्राचा चुरा झाला असता.

पहिल्या भागाची लांबी कुठे 208 मिनिटं लिहिलेली दिसते, कुठे 228. दोन्ही बरोबर. वरची 20 मिनिटं म्हणजे अधिकृत फॅन क्लबच्या सभासदांची नावं. त्यांच्याखाली वाजवायला हॉवर्ड शोअरचं संगीत आहेच. युरोपातली पाल (PAL) या टीव्ही-पद्धतीची डिस्क मात्र सेकंदाला 24 ऐवजी 25 फ्रेम दाखवते. त्यामुळे 208 ची जवळपास 200 मिनिटं होतात. कापाकापी झालेली नसते, फक्त वेग 4 टक्के वाढलेला असतो. शिवाय डीव्हीडीसाठी जगाचे विभाग (रीजन) पाडलेले आहेत: भारताचा रीजन 5 आणि अमेरिकेचा 1, त्यामुळे तिकडून मागवलेला संच इथल्या रीजन-लॉक प्लेअरवर चालत नाही.

परिशिष्टांमध्ये खरी मौज कारागिरांची. पोलादी साखळी-चिलखत अंगावर फार जड होतं, म्हणून प्लॅस्टिकच्या नळ्या कापून कड्या केल्या, एकेक हाताने गुंफली आणि वर धातूचा मुलामा दिला. कड्यांची संख्या सव्वा कोटीच्या घरात. काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजले! मिनास तिरिथ या कथेतल्या नगराची प्रतिकृती 1:72 प्रमाणात होती, तरी एवढी प्रचंड की तिला ‘मिनिएचर’ऐवजी ‘बिगेचर’ म्हणत.

आणि क्रिकेट. दुसऱ्या भागातल्या हेल्म्स डीप किल्ल्याच्या लढाईसाठी शत्रूच्या दहा हजार उरुक-हाय योद्ध्यांची गर्जना हवी होती. 2002 साली वेलिंग्टनला न्यूझीलंड-इंग्लंड एकदिवसीय सामना होता. मधल्या वेळेत जॅक्सन मैदानात उतरला, ‘ब्लॅक स्पीच’ या टॉल्किनने रचलेल्या काळ्या भाषेतल्या घोषणांचे शब्द मोठ्या पडद्यावर झळकले आणि सुमारे 25 हजार प्रेक्षकांनी ओरडून, पाय आपटून, छाती बडवून ते काम करून दिलं. स्टुडिओत पन्नास जणांचा आवाज कितीही वेळा एकावर एक चढवला तरी मैदानाचा तो घुमारा येत नाही.

लपवलेला खाऊही आहे. पहिल्या भागाच्या डिस्क 1 वर सीन सिलेक्शनच्या शेवटच्या पानावर जायचं, 27 व्या प्रसंगावरून रिमोटचं खालचं बटण दाबायचं. अंगठी उमटली की ओके. विनोदी नट जॅक ब्लॅकचं, चित्रपटातल्या एल्रॉन्डच्या सभेच्या प्रसंगावरचं विडंबन सुरू होतं. मुलांसमोर नको.

पुढे मात्र सगळा गोंधळ. 2006 च्या डीव्हीडी संचात कोस्टा बोट्स या दिग्दर्शकाचे चित्रीकरणावरचे माहितीपट आले, परिशिष्टं नाहीत. 2011 च्या 15 डिस्कच्या ब्लू-रे खोक्यात सगळं एकत्र मिळतं: चित्रपटाच्या 6 ब्लू-रे, परिशिष्टांच्या 6 डीव्हीडी, बोट्सच्या 3. पण त्यातल्या पहिल्या भागावर हिरवट झाक आहे. 2020 च्या 4के संचात रंग सुधारले आणि परिशिष्टं गळाली. चित्रपट 4के वर आणि परिशिष्टं त्या जुन्या डीव्हीडींवर, हीच जोडी त्यातल्या त्यात बरी. जुना संच घेताना खोका उघडून डिस्क मोजा आणि परिशिष्टांच्या 3 व 4 क्रमांकाच्या डिस्क जागेवर आहेत ना ते पाहा.