इनामगाव शहर का झालं नाही?

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. गावाजवळच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर 1968 पासून जवळजवळ पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी मोठी नावं त्यात होती. इ.स.पू. 1600 ते 700 अशी नऊशे वर्षांची वस्ती आणि सव्वाशेहून अधिक घरं त्यांनी उजेडात आणली. महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांबद्दल आज जे काही खात्रीने बोलता येतं, त्यातलं बरंचसं या टेकाडांतून आलेलं आहे.

शाळेत शिकलेला संस्कृतीचा जिना आपल्या डोक्यात पक्का असतो: शिकार, मग शेती, मग धान्याचा साठा, मग राजा, शहर, लिपी. एका पायरीवर पाऊल पडलं की पुढची आपोआप येते, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. इनामगावचे लोक या जिन्याच्या बऱ्याच पायऱ्या चढले आणि तिथेच काही शतकं सुखाने राहिले. पुढे तर चार पायऱ्या खाली उतरले.

इ.स.पू. 1400 ते 1000 हा त्यांचा भरभराटीचा काळ. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे इथे या लोकांची भांडी प्रथम ओळखली गेली, म्हणून ही जोर्वे संस्कृती. तांबड्या रंगाची, काळ्या नक्षीची, चाकावर घडवलेली ही पातळ भांडी इतकी खणखणीत भाजलेली असतात की टिचकी मारली तर आवाज येतो. घरं चौकोनी, कुडाच्या भिंतींची, आत चूल आणि धान्यासाठी पेव. मुख्य पीक सातूचं. जोडीला गहू, मसूर, लाख, कुळीथ. पर्जन्यछायेतल्या या भागात केवळ पावसावर विसंबणं धोक्याचं, म्हणून पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट खोदला आणि त्याला दगडमातीचा बांध घातला. एकट्यादुकट्या कुटुंबाच्या आवाक्यातलं हे काम नाही. कुणीतरी माणसं जमवली असणार.

तो ‘कुणीतरी’ कदाचित सापडलाही आहे. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक घर होतं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण निघाला आणि त्यात मांडी घालून बसवलेला एक पुरुष. इनामगावात मोठ्या माणसांना उत्तर-दक्षिण आडवं पुरत आणि पुरताना घोट्याखालून पाय तोडत. मेलेल्याने भूत होऊन गाव सोडू नये, असा त्यामागचा समज असावा, असं ढवळीकरांचं मत. रांजणातल्या माणसाचे पाय मात्र शाबूत होते. मेल्यावरही वेगळी वागणूक मिळालेला हा माणूस गावप्रमुख असावा, हा तर्क मला पटतो. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घराच्या जमिनीखाली पुरत. दोनशेहून अधिक दफनं मिळाली, त्यांतली बहुतेक मुलांचीच. त्या सुबत्तेच्या गोष्टी वाचताना हेही ध्यानात ठेवावं लागतं.

म्हणजे शेती होती, साठा होता, पाट होता, प्रमुख होता. कुंभार होते, सोनार होते, चुना भाजणारा होता, आणि कारागिरांची घरं वस्तीच्या एका बाजूला होती. आता लिपीचं पाहू. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला जोर्वे काळाच्या आधीच्या थरांत उत्तर हडप्पा काळाचे, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या काळाचे, अवशेष मिळाले, आणि त्यांत सिंधू लिपीतली चिन्हं असलेल्या मातीच्या मुद्राही. (1974 साली सापडलेले ते प्रसिद्ध ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा याच दायमाबादचे. त्यांच्या काळाबद्दल मात्र अजून वाद आहे.) लिहिण्याची कल्पना प्रवरेच्या काठापर्यंत येऊन पोचली होती. पुढच्या हजारएक वर्षांत तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

का, याचं उत्तर शोधायला जिथे लिपी जन्मली तिथे जावं लागतं. आजच्या इराकमधलं उरुक इ.स.पू. 3000 च्या सुमारास अडीचशे हेक्टरांवर पसरलं होतं. तिथल्या सर्वांत जुन्या मातीच्या पाट्यांवर काव्य नाही, राजाची स्तुती नाही. बहुतेकांवर हिशेब आहेत: इतकं सातू, इतक्या मेंढ्या, अमक्याला इतका शिधा. ‘खाणे’ यासाठीचं चिन्ह म्हणजे माणसाचं डोकं आणि शेजारी एक वाडगा. तसेच ओबडधोबड वाडगे तिथे ढिगांनी सापडतात. एकमेकांना न ओळखणाऱ्या हजारो माणसांना एकाच कोठारातून वाटप करायचं, तर कुणी काय नेलं हे स्मरणात राहणं शक्य नाही. गरज हिशेबाची होती, लिपी त्यातून आली.

इनामगाव होतं जेमतेम पाच हेक्टर. वस्ती फार तर हजारभर माणसांची. कुणाच्या पेवात किती सातू आहे आणि गेल्या साली कुणी कोठारातून उसनं नेलं, हे सगळ्या गावाला पाठ असणार. अशा गावाला लिपी देऊ केली तरी तिचं करायचं काय? उरुकमध्ये कोठारामागून कारकून आला. इनामगावला त्याच्यावाचून काही अडलं नाही. आणि गाव याहून वाढावं तर जमीन हवी. नदीकाठच्या पट्ट्याबाहेरची जड काळी माती लोखंडी फाळाशिवाय सहजी फुटत नाही, आणि यांच्याकडे होती तांब्याची मोजकी आणि गारगोटीजातीच्या दगडाची असंख्य हत्यारं.

इ.स.पू. 1000 नंतर चित्र पालटलं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, भांड्यांचा दर्जा उतरला, गहू घटला, शिकार वाढली. ढवळीकरांनी याचं कारण कोरडं पडत गेलेलं हवामान असं सांगितलं. नंतरच्या संशोधकांना हवामान तसं एकाएकी पालटल्याचा पुरावा पुरेसा वाटत नाही. मुलांच्या हाडांवरून एवढं मात्र दिसतं की या उत्तरकाळात त्यांची वाढ खुंटली होती. माझा कल हवामान आणि जमिनीवरचा ताण ही दोन्ही कारणं एकत्र धरण्याकडे आहे: तोकडी जमीन आणि वाढती तोंडं असली की दोन-चार वाईट सालंही पुरतात. मात्र गोल झोपड्यांना ‘अधोगती’ म्हणणं मला जड जातं. पाणी आणि चारा पाहून हलणाऱ्या माणसाला चौकोनी पाच खोल्यांचा उपयोग काय? त्या झोपड्यांतही लोक तीनशे वर्षं राहिले. इ.स.पू. 700 च्या सुमारास वस्ती उठली.

त्याच सुमारास विदर्भात लोखंड रुळत होतं. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली आहे. पुढे काळी माती नांगराखाली आली, घाटांतून व्यापार वाहू लागला, पैठण आणि तेरसारखी नगरं उभी राहिली. इ.स.पू. तिसऱ्या शतकात सोपाऱ्याला अशोकाच्या आज्ञा दगडावर कोरल्या गेल्या. आणि जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लांबलचक लेख आहे. त्यात यज्ञांची नावं आहेत, आणि प्रत्येक यज्ञात किती गायी, किती घोडे, किती कार्षापण (त्या काळची नाणी) दान दिले त्याचे आकडे.