रात्रीची मालिका आणि पोटरीचा स्नायू

आमच्या परभणीच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: ‘एक तास टीव्ही पाहिला की आयुष्य २२ मिनिटांनी घटतं.’ काकूंनी धसकाच घेतला. आकडा खोटा नाही, पण त्याचा अर्थ भलताच लावला जातोय.

ऑस्ट्रेलियात ८,८०० प्रौढांची सुमारे साडेसहा वर्षं नोंद ठेवली गेली. २०१०मध्ये निष्कर्ष आला: रोज ४ तास किंवा जास्त टीव्ही पाहणाऱ्यांत मृत्यूचा धोका, २ तासांहून कमी पाहणाऱ्यांपेक्षा ४६ टक्के जास्त. त्यावरूनच पुढे २२ मिनिटांचा हिशेब मांडला गेला. ती सगळ्या लोकसंख्येची सरासरी. कुणाच्या खात्यातून तासागणिक मिनिटं वजा होत नाहीत. शिवाय आजारी माणूस बसूनच असतो, म्हणून टीव्हीही जास्त पाहतो.

तरीही बसून राहणं अपायकारक असावं या संशयाला जागा आहे, आणि ती पडद्यात नाही, पोटरीत आहे. स्नायूंतल्या केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला लायपोप्रोटीन लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) चिकटलेलं असतं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार असं जेवण झालं की रक्तात ट्रायग्लिसराइडचे, म्हणजे चरबीचे कण वाढतात. हे विकर त्यांचे तुकडे करतं, तेव्हाच स्नायूला ती चरबी जाळता येते. उंदरांचे मागचे पाय जमिनीला टेकू दिले नाहीत तेव्हा तिथल्या स्नायूंतलं हे विकर काही तासांतच मंदावलं. चालायला लावल्यावर पुन्हा कामाला लागलं. साखरेचंही असंच. स्नायू आकुंचन पावला की पेशीच्या आतले ग्लूट-४ वाहक पृष्ठभागावर येऊन ग्लुकोज आत ओढतात, इन्सुलिनची वाट न पाहता. मालिकांची वेळ नेमकी जेवणानंतरची, रक्तात चरबी-साखर चढलेली असताना स्नायू निपचित!

आपल्याकडे पाचवीला सटवाई येऊन कपाळावर आयुष्य लिहून जाते म्हणतात. कपाळावर काहीही लिहिलेलं नसतं, पण ‘लिहिलंय तेवढंच’ म्हणून हातपाय गाळणं मात्र घातक ठरू शकतं. अमेरिकेत ओहायोतल्या पन्नाशीपुढच्या ६६० जणांच्या अभ्यासात, स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेनं पाहणारे इतरांपेक्षा साडेसात वर्षं जास्त जगल्याचं २००२मध्ये दिसलं. ‘आता काय राहिलंय’ म्हणणारा माणूस खुर्चीतून उठेल कशाला? माझ्या मते या दोन अभ्यासांची गाठ इथंच पडते.

काकूंना मी मालिका सोडायला सांगितलं नाही. जाहिरात लागली की त्या आता उठून अंगणात फेऱ्या मारतात. शेजारच्या आजीही येतात, आणि कधी कधी दोघी पुढचा भाग विसरतात.