विजेट-गुणधर्म : वाचन व बदल

चित्रमय इंटरफेस असलेल्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावर दिसणारे बटण, लेबल, नोंदचौकट, सरकपट्टी यांपैकी प्रत्येक घटक म्हणजे एक विजेट. त्याचा मजकूर, रंग, रुंदी, फाँट, चालू-बंद अवस्था हे सारे त्याच्या गुणधर्मांत साठवलेले असते. प्रोग्रॅम चालू असतानाच हे गुणधर्म विचारता आणि बदलता येतात. एक्सटी (Xt) या टूलकिटमध्ये, म्हणजे विजेटे बनवण्याच्या तयार साधनसंचात, त्यांना रिसोर्स, टीके (Tk) या टूलकिटमध्ये ऑप्शन, तर जीटीके (GTK) व क्यूट (Qt) यांत प्रॉपर्टी म्हणतात. प्रस्तुत नोंदीत पावसाळ्यात गंगापूर धरणातून गोदावरीत सोडलेला विसर्ग दाखवणारी एक लहान खिडकी उदाहरणादाखल घेतली आहे : एका लेबलवर क्युसेकचा आकडा, दुसऱ्यावर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले ते (नाशिककर पुराचा अंदाज याच मूर्तीवरून बांधतात), आणि नवा आकडा भरण्यासाठी एक नोंदचौकट.

उगम : विजेटची अवस्था नावाने विचारावी आणि नावानेच बदलावी, या कल्पनेच्या उगमाविषयी दोन मते मांडता येतात. पहिले मत तिला स्मॉलटॉक-80 या प्रोग्रॅमिंग भाषेपर्यंत मागे नेते. तेथे वस्तूला रंग विचारणारा आणि रंग देणारा असे दोन संदेश एकाच नावाचे असत. दुसऱ्यासोबत मूल्य जाई, एवढाच फरक. दुसरे मत एक्स विंडो या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीवरील एक्सटी थराकडे बोट दाखवते. एमआयटीतील प्रोजेक्ट अथीना आणि डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन यांच्या कामातून आलेला हा थर 1987–88 च्या सुमारास आकाराला आला. त्यात प्रत्येक विजेट-वर्ग आपल्या रिसोर्सांचा तक्ता जाहीर करतो. वाचण्यासाठी एक्सटी-गेट-व्हॅल्यूज आणि बदलण्यासाठी एक्सटी-सेट-व्हॅल्यूज ही फंक्शने कोणत्याही विजेटला चालतात. बदल मागितला की मूळ वर्गापासून उपवर्गापर्यंत प्रत्येकाची सेट-व्हॅल्यूज पद्धत क्रमाने बोलावली जाते. तिला विजेटच्या तीन प्रती मिळतात : सध्याची, मागितलेली आणि नवी. पुन्हा रेखाटन हवे की नको, हे ती उत्तरादाखल कळवते. वाचन मात्र निसरडे होते. मूल्य ज्या चलात हवे त्याचा पत्ता द्यावा लागे आणि चलाचा आकार चुकला तर शेजारची स्मृती बिघडे. एक्सटीवर उभारलेल्या मोटिफ या विजेट-संचात लेबलचा मजकूर वाचला की त्याची प्रत हाती येई. ती मोकळी करण्याची जबाबदारी वाचणाऱ्याची.

टीकेपुरते तरी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जॉन आउस्टरहाउट यांनी बर्कली येथे 1988 च्या अखेरीस टीकेचे काम सुरू केले आणि 1991 च्या आरंभी त्यावरील निबंध सादर केला. टीकेत ‘कॉन्फिगर’ ही आज्ञा एका ऑप्शनचे नाव देऊन बोलावली, तर पाच भागांची यादी मिळते : ऑप्शनचे नाव, डेटाबेसमधील नाव, डेटाबेसमधील वर्ग, मूळ मूल्य आणि चालू मूल्य. यातला दुसरा व तिसरा भाग हा सरळ एक्सच्या रिसोर्स-डेटाबेसचा, म्हणजे गुणधर्मांची मूल्ये ठरवणाऱ्या नियमांच्या साठ्याचा, वारसा आहे. आडव्या व उभ्या मोकळ्या जागेची नावे वेगळी, पण दोन्हींचा वर्ग ‘पॅड’ एकच, म्हणून वर्गावर नियम लिहिला की दोन्ही बदलतात. डेटाबेसमधील नियमांना 20, 40, 60 व 80 असे अग्रक्रम आहेत. मात्र हा डेटाबेस फक्त विजेट जन्मताना पाहिला जातो, त्यामुळे नंतर घातलेला नियम आधीच्या विजेटांना लागत नाही. ‘कॉन्फिगर’ नुसती बोलावल्यास सर्व ऑप्शनांची यादी येते. त्यात ‘बीजी’सारख्या (पार्श्वभूमीचा रंग) टोपणनावांच्या नोंदी दोनच भागांच्या असतात. केवळ चालू मूल्य देणारी ‘सी-गेट’ ही आज्ञा टीके 4.0 मध्ये, म्हणजे 1995 च्या सुमारास आली. तोवर पाच भागांतला शेवटचा वेचून घ्यावा लागे. व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रॅमिंग-साधनाने (1991) गुणधर्म पडद्यावर हाताने बदलण्याची सवय लावली आणि डेल्फीने (1995) त्यांना भाषेच्या व्याकरणात जागा दिली. या पुढच्या पायऱ्या मानाव्यात.

वाचलेले आणि दिसणारे : गुणधर्म वाचल्यावर मिळते ते मागितलेले मूल्य, पडद्यावर तेच असेल असे नाही. या विषयातील ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट असून शिकवताना तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. विसर्गाच्या लेबलला रुंदी 12 दिली तर ‘सी-गेट’ 12 च सांगेल, मग मांडणीत ते ताणले गेलेले असो. प्रत्यक्ष रुंदी हवी असेल तर ‘विन्फो’ या आज्ञेला विचारावे, आणि तीही खिडकी पडद्यावर येण्याआधी 1 अशी मिळते. बदलाचेही तसेच. नवा मजकूर दिला की ऑप्शनचे मूल्य तत्काळ बदलते, पण रेखाटन प्रोग्रॅमला उसंत मिळेपर्यंत लांबणीवर पडते. म्हणून दीर्घ गणना चालू असताना लेबल जुनाच आकडा दाखवत राहते.

देवनागरीत हा फरक ठळक होतो. मागितलेल्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरे नसतील तर टीके दुसरा फाँट वापरते, पण ‘सी-गेट’ मागितलेल्याचेच नाव सांगते. एखाद्या अक्षरासाठी खरोखर कोणता फाँट वापरला, ते ‘फाँट अॅक्चुअल’ला ते अक्षर देऊन कळते. मजकुराच्या लेबलची रुंदी अक्षरांत मोजतात, परंतु माप शून्य या इंग्रजी अंकाच्या रुंदीचे. शिवाय ‘विसर्ग’ हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा असला, तरी पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा त्याची लांबी 6 सांगते. त्यामुळे मराठी लेबलची रुंदी शब्दाच्या लांबीवरून ठरवू नये. ती न देता टीकेला स्वतः मापू द्यावी. नोंदचौकटीत ‘४५००’ असे देवनागरी अंक भरले तर पायथन त्याची संख्या बिनतक्रार करते. तेच अंक रुंदीसाठी टीकेला दिले तर ते चूक दाखवते, कारण टीकेमागची टीसीएल ही भाषा देवनागरी अंकांना संख्या मानत नाही.

चुकीचे नाव : अस्तित्वात नसलेला गुणधर्म बदलू पाहिल्यास एक्सटी त्याकडे निमूट दुर्लक्ष करते. टीके चूक दाखवून थांबते. जीटीके इशारा छापते. क्यूट त्या नावाचा नवा गुणधर्म त्या वस्तूपुरता निर्माण करून ‘असत्य’ असे उत्तर देते. यांत टीकेची रीत सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल. पायथनमधून मात्र तिला एक पळवाट आहे. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत टीकेची ओळख बहुधा पायथनच्या टीके-इंटर या जोडणीतूनच होते. तेथे लेबलपुढे टिंब देऊन ‘टेक्स्ट’ला थेट मूल्य दिले, तर पायथन ते त्या वस्तूवर ठेवून देते, टीकेपर्यंत काहीच पोचत नाही आणि चूकही येत नाही. चौकटी कंसात ऑप्शनचे नाव लिहावे किंवा ‘कॉन्फिगर’ वापरावे.

काही ऑप्शने फक्त निर्मितीवेळीच ठरतात. फ्रेमचा (इतर विजेटे ठेवण्याच्या चौकटीचा) वर्ग हे त्याचे उदाहरण. टीटीके या टीकेच्या थीमनुसार दिसणाऱ्या विजेटांवर पार्श्वभूमीचा रंग बहुतेक ठिकाणी थेट देता येत नाही, तो स्टाइलमधून द्यावा लागतो. लेबल मात्र याला अपवाद असल्याने धोक्याच्या पातळीला ते थेट लाल करता येते. तसेच नोंदचौकट बंद अवस्थेत असेल, तर तिच्यात प्रोग्रॅममधून ‘इन्सर्ट’ आज्ञेनेही मजकूर घालता येत नाही.

बदलाची वर्दी देण्याची सोय जीटीकेत ‘नोटिफाय’ संकेताने आणि क्यूटमध्ये प्रॉपर्टीच्या घोषणेतच होते. टीकेमध्ये ऑप्शनांसाठी तशी सोय नाही. त्याऐवजी लेबलला एक चल जोडतात आणि त्या चलावर पाळत ठेवतात.