झोपताना थंड दूध? घशाला ते महागात पडतं

ॲसिडिटी झाली की झोपताना पेलाभर थंड दूध घ्यावं, हे आजीपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळेच सांगतात. घोट उतरताना गार वाटतं, हे खरं. दूध आम्ल थोडा वेळ सौम्य करतं. पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल तयार करायला लावतात, आणि सायीचं दूध पोटात रेंगाळतं. त्यात आपण लगेच आडवे! मग आम्ल आणि पेप्सिन (जठरातलं प्रथिनं पचवणारं द्रव्य) पार घशापर्यंत चढतात.

गंमत म्हणजे अनेकांच्या छातीत जळजळ होतच नाही. सकाळी बसलेला आवाज, सारखं खाकरणं, घशात काहीतरी अडकल्यासारखं. घरात मात्र खोकल्याच्या औषधाची बाटली येते.

उपयोग होतो तो जेवण आणि झोपेत ३ तासांचं अंतर ठेवल्याने. उशांची चळत नको, तिने पोट दुमडतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा सरकवून ती बाजू १५ ते २० सेंटीमीटर उचला. डाव्या कुशीवर झोपा. घसा निवळायला महिने लागतात. आवाज ४ आठवड्यांनंतरही बसलेलाच असेल, घास अडकत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने घसा तपासून घ्या.