किआंगानला निघण्यापूर्वी एवढं वाचाच

किआंगान हे फिलिपिन्सच्या इफुगाओ प्रांतातलं डोंगरातलं भातशेतीचं गाव. पैसे भरण्याआधीच सांगून टाकतो, इथे 'पॉइंट' नाहीत. समुद्र नाही, मॉल नाही, रात्री आठनंतर रस्त्यावर भेटलीच तर कुत्री. समुद्रकिनारा हवा असेल तर बोराकायचं पत्रक वेगळं आहे, ते मागून घ्या. इथे तीन रात्री राहायचं आणि बांधावरून चालायचं.

मनिलाहून रात्रीची बस लागावे या इफुगाओच्या मुख्य गावापर्यंत नऊ-दहा तास घेते. तिचा एसी असा काही लावतात की शाल-माकडटोपी वरच्या पिशवीतच ठेवा, हसू नका. लागावेहून पुढे 'जीपनी', म्हणजे प्रवासी नेणारी लांबट जीप, किंवा ट्रायसिकल, म्हणजे बाजूला टप जोडलेली मोटरसायकल.

गावाजवळच्या नागाकादानच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या खाचरांना 1995 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. ही शेती दोन हजार वर्षांची, असं बहुतेक ठिकाणी ऐकाल. पण जवळच्याच जुन्या किआंगान वस्तीतल्या उत्खननानंतर काही पुरातत्त्वज्ञ पाणथळ भातशेतीचं वय चारशे वर्षांच्या आसपास धरतात. स्पॅनिश आले तेव्हा लोक डोंगरात सरकले आणि तिथे भात लावू लागले, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला हीच गोष्ट जास्त आवडते.

इथलं पारंपरिक भात म्हणजे 'तिनावोन', वर्षातून एकदाच येणारं. लावणी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, कापणी जून-जुलैत. म्हणजे आपल्याकडे इगतपुरीला आवण सुरू होतं, तेव्हा तिथे लोंब्या पिवळ्या पडत असतात. खाचरांच्या वर कुटुंबांनी राखलेली झाडी असते, तिला 'मुयोंग' म्हणतात. पाणी तिथून झिरपत एका खाचरातून दुसऱ्यात उतरतं. वरची झाडी तुटली की खालचं भात गेलंच. जमलं तर एप्रिल-मे गाठा. जुलैनंतर वादळं आणि दरडी. रस्ता बंद झाला तर दिवस जातो, त्याची भरपाई आम्ही देऊ शकत नाही.

बांध एका पावलाचाच. मागच्या वर्षी आमच्या एक काकू नव्या सँडलवर निघाल्या आणि गुडघाभर चिखलात उतरल्या. शेतकरीणबाईंनी हात दिला, सँडल मात्र अजून तिथेच आहे. पकड असलेले बूट आणा. समोरून ओझं घेऊन कोणी आलं तर वाट आपण द्यायची. रोपांत पाय टाकून फोटो काढायचा नाही.

जेवणाचं स्पष्ट सांगतो. भात भरपूर, मुगाची आमटीही मिळते, पण तिच्यात सुकी मासळी किंवा डुकराचे तुकडे असू शकतात. शाकाहारींसाठी आम्ही आधी कळवतो. तरी 'मांस नाही, मासा नाही, फिश सॉसही नाही' हे तिन्ही वेगवेगळं सांगावं लागतं. लोणचं-चटणी सोबत असू द्या. एक दिलासा: न्हाणीघरात 'ताबो' असतो, म्हणजे आपला मगच.

गावात युद्धस्मारक आहे. मलाया आणि सिंगापूर जिंकणारा जपानी सेनापती यामाशिता 2 सप्टेंबर 1945 ला इथेच शरण आला. तासाभरात पाहून होतं.

म्हातारी माणसं 'मोमा' चघळताना दिसतील: सुपारी, पान, चुना. आपल्या आजोबांना लगेच ओळख पटते. देऊ केलं तर घ्या, पण थुंकायचं कुठे ते आधी विचारा. फोटोही विचारूनच.

जून 2025 पासून भारतीय पर्यटकांना 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी, परतीचं तिकीटही हवं. ई-ट्रॅव्हलची, म्हणजे फिलिपिन्समध्ये शिरण्यासाठीची ऑनलाइन नोंदणी पोहोचण्याआधीच्या 72 तासांत करावी लागते, ती आम्ही करून देतो. पेसो, म्हणजे तिथलं चलन, मनिलातच काढून घ्या. पासपोर्टची प्रत, रक्तगट आणि गुडघ्यांची खरी अवस्था महिनाभर आधी कळवा.