डी.एल.एड. झालं, आता शिक्षकभरतीचा अर्ज कुठे?

कळवा-ऐरोलीकडच्या डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) झालेल्या मुली भेटल्या की पहिला प्रश्न हाच, "अर्ज जिल्हा परिषदेत द्यायचा की महापालिकेत?" दोन्हीकडे नाही. ठाणे जिल्हा परिषद असो वा नवी मुंबई महापालिका, कायम पदांची भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शिक्षकभरतीच्या ऑनलाइन संकेतस्थळावरून होते.

त्याआधी दोन परीक्षा द्याव्या लागतात. नावं सारखी वाटतात म्हणून घोळ होतो. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, १५० गुण. खुल्या वर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण हवेत, आरक्षित वर्गाला ५५ टक्के. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत आणि प्रमाणपत्र आता आजन्म चालतं. केंद्राची सीटीईटीही चालते. सहावी ते आठवीला शिकवायचं असेल तर पदवी आणि पेपर दोन लागतो.

दुसरी टेट (TAIT), म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची. इथे पास-नापास नसतं, गुणवत्ता यादी याच गुणांवर लागते. ही चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. एकदा फॉर्म हुकला की किती थांबावं लागतं ते या सालांवरूनच कळेल.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. पात्र नाही असा निकाल दिला. त्यामुळे तुमच्या पदविकेचं वजन वाढलंय, ती कमी लेखू नका.

खरी अडचण कागदांची. दहावी-बारावी, डी.एल.एड.च्या दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, टीईटीचं प्रमाणपत्र, अधिवास, हे बहुतेकींकडे असतं. अडतं ते जात पडताळणीवर. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. आजोबांच्या शाळेचा दाखला गावाकडे, आपण दिघ्यात. जाऊन शोधायला, मिळवायला महिने जातात. म्हणून पदविकेच्या दुसऱ्या वर्षातच हे काम हाती घ्या. नॉन-क्रिमीलेयरची मुदतही जाहिरातीतल्या तारखेशी पडताळून बघा.

लग्न झालेल्यांनी नाव आत्ताच तपासावं. माझ्या ओळखीच्या एकीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, आणि टीईटीच्या फॉर्मवर वडिलांचं नाव नि सासरचं आडनाव! तपासणीच्या टेबलावर तिला रडू आलं होतं. जातीचा दाखला वडिलांकडच्या पुराव्यावरच निघतो, त्यामुळे माहेरचं नाव सुटत नाही. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद फाइलमध्ये असू द्या.

पोर्टलवर आधी स्वप्रमाणपत्र, म्हणजे स्वतःच्या माहितीचा फॉर्म भरायचा. त्यातली प्रत्येक ओळ मूळ कागद समोर ठेवूनच भरा. मग प्राधान्यक्रम, म्हणजे कोणती संस्था आधी हवी ते. स्थानिक संस्थांच्या शाळांना मुलाखत नसते, खासगी संस्थांना असू शकते. ठाणे जिल्हा परिषद निवडताना शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरची शाळा मिळू शकते, हे घरात आधी बोलून घ्या. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना १६,००० रुपये मानधन असतं. ऐरोलीतलं खोलीभाडं आणि रोजचा लोकलचा प्रवास त्यात बसतो का, हे मांडून बघा आणि मगच क्रम लावा.